अंबाडीची पट्टी

भुताला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांतलं एक तर रोज दाढी करताना आरशात दिसतं. पण ज्याच्या खुलाशाला खुद्द भुतांनी घाबरावं असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे साडू. त्यांच्या घरात काहीही विपरीत घडो, दार आपोआप उघडो, बंद खोलीतून उसासा ऐकू येवो, भिंतीवरची फळी पुढं वाकून आपल्याकडं बघायला लागो, त्यांच्याकडं त्याचं शास्त्रीय कारण तयार असतं. आपण जीव मुठीत धरून ते ऐकून घेतो, आणि ऐकून झाल्यावर वाटतं की यापेक्षा भूत परवडलं असतं. भुताला नारळ देता येतो, त्याच्यावरून लिंबू उतरून टाकता येतं. दमट हवेला काय देणार?

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या आक्काचे, हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणत आलो. ते मला 'पावणं' म्हणतात. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझे केस गेले, दात जायला लागले, पण मी अजून पावणंच. दाजी मूळचे कुरुंदवाडकडच्या शेतकरी घरातले. अंगानं उंच, आवाज मळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारण्यासाठी घडवलेला, आणि तोच आवाज घेऊन त्यांनी हयातभर एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं. त्यांच्या संशोधनाचा विषय म्हणजे झाडांच्या धाग्यांनी बळकट केलेलं प्लॅस्टिक. शिकलेली माणसं त्याला कंपोझिट म्हणतात. मी शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळं मला समजेल अशा बेतानं त्यांनी एकदा सांगितलं होतं. भिंत लिंपायच्या मातीत आपण तूस मिसळतो, म्हणजे माती तडकत नाही, तसंच हे. घायपात, केळ, ताग, अंबाडी यांचा वाख, म्हणजे आतला धागा, काढायचा, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुवायचा, वाळवायचा, राळेत बसवायचा आणि दाबून त्याच्या पट्ट्या नि तक्ते करायचे. इथवर सगळं सरळ आहे. पुढं त्या पट्ट्यांचं काय करायचं, इथून दाजी सुरू होतात.

या विषयापायी दाजींना जगात माणसं दिसतच नाहीत, धागे दिसतात. लग्नाला गेले की नवरानवरीकडं पाठ करून मांडवाच्या केळीच्या खुंटाशी उभे राहतात आणि त्याचं सोपट नखानं सोलून, बोटांत पिळून, कानाशी नेऊन तोडतात. कानाशी का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले की धागा तुटताना आवाज करतो, आणि कसा करतो त्यावरून तो कसा जगला ते कळतं. पाणी मुबलक मिळालेली केळ मऊ तुटते, तहानलेली कडक तुटते. त्या दिवसापासून मला जेवणाच्या पंगतीत केळीचं पान फाडवत नाही.

वाख काढण्यासाठी झाडांचे फोक पाण्यात कुजत घालावे लागतात. दाजींचं घर कळंब्याच्या बाजूला, तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर, आणि मागच्या अंगणात कुजवणीची पिंपं. त्या वाऱ्याबरोबर जो वास आळीभर फिरायचा त्याचं वर्णन मी करणार नाही, तुम्ही जेवून बसला असाल. एका वर्षी नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्यांची खात्री पटली की या प्रोफेसरानं कुणाला तरी मारून पिंपात घातलंय. त्यांनी पोलिसांना कळवलं. भरदुपारी एक हवालदार आले, नाकाला रुमाल लावून त्यांनी पिंपात काठी घातली आणि वर उचलली. काठीला लांबसडक, पांढुरके, निथळणारे केस गुंडाळलेले होते. हवालदारांनी काठी टाकली आणि ते चपला न घालता फाटकापर्यंत गेले. दाजी मागून ओरडत होते, "केस न्हवं ओ सायेब, वाख हाय, वाख." आक्कानं त्या हवालदारांना पाणी दिलं, गूळ दिला आणि जाताना त्यांची दृष्टही काढली.

दाजींनी घर सजवलं होतं ते याच मालानं. घायपाताचं स्टूल, केळीच्या धाग्याचा ट्रे, उसाच्या चिपाडाच्या फळ्या, आणि पाहुण्यांच्या खोलीला तागाचं दार. या वस्तू विकत मिळणाऱ्या वस्तूंसारख्या गप्प नसायच्या. हवा दमट झाली की त्या फुगायच्या, कोरडी झाली की आखडायच्या, आणि फुगताना नि आखडताना बारीक कण्हायच्या. एकदा दुपारी मी त्या खोलीत दार लावून आडवा झालो होतो. डोळा लागतो न लागतो तोच दार आपल्या आपण हळूच उघडलं, अगदी कुणी झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून उघडावं तसं. बाहेर कुणी नव्हतं. मी पडल्या जागीच रामरक्षा सुरू केली. दाजी आले, त्यांनी दाराच्या कडेवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "कायबी न्हाय पावणं. दार श्वास घेतंय." मला धीर यावा म्हणून त्यांनी हे सांगितलं होतं. पुढं मी त्या खोलीत कधी झोपलो नाही.

आणि खरी खोली तर अजून पुढंच होती. निवृत्त झाल्यावर दाजींनी घरातली मागची मोठी खोली रिकामी केली, छताखाली लोखंडी अँगल ठोकला आणि त्याला ओळीनं पट्ट्या टांगल्या. प्रत्येक पट्टीच्या खालच्या टोकाला, मोडीत निघालेल्या दुकानांतून आणलेली लोखंडी वजनं. कुठली पट्टी किती काळ ओझं धरते, धरता धरता किती ताणते आणि शेवटी कधी तुटते, हे पाहायचं. याला घाई चालत नाही. एखादी पट्टी महिन्यात जाते, एखादी वर्षानुवर्षं लटकून राहते. खिडक्या बंद, पंखा नाही, आणि त्या अर्ध्या उजेडात ओळीनं टांगलेलं सगळं इतकं निश्चल असायचं की आपणच हलतोय याची लाज वाटावी. मधूनच कुठंतरी बारीक 'कट्' व्हायचं. कुठून झालं ते बघायला मान वळवावी, तर सगळ्या पट्ट्या सारख्याच गप्प. आम्ही पुढच्या खोलीत तांबडा रस्सा ओरपत असताना आतून फाट् आणि पाठोपाठ धप् असा आवाज यायचा, म्हणजे पट्टी तुटून वजन खालच्या वाळूत पडलं. दाजी घास हातात धरून क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "शिरोळची घायपात गेली. चांगली तग धरलीती." माझ्या बायकोनं एकदा पुढचा घास घेण्याआधी हात धुतले होते.

या घरात आक्का कशी राहिली असेल असं तुम्हाला वाटेल. आक्का राहिली, इतकंच नाही, तिनं ते घर चालवलं. दाजी पट्ट्यांना ओझं लावायचे आणि बाकीचं सगळं ओझं आक्काकडं. ठेंगणी, गोल, बोलायला फटकळ बाई. आम्ही तिला बसलेली फारशी पाहिलीच नाही. जेवायलासुद्धा ती ओट्याला टेकून उभ्यानंच जेवायची. तिची एक सवय होती. घरातून कुणीही बाहेर पडायला निघालं की ती उंबऱ्यापर्यंत यायची, त्या माणसाच्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळायची आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं टेकवून कडाकडा मोडायची. सगळी बोटं वाजली तर दृष्ट मोठी. दाजींसाठी तर हे रोजचं होतं; पिशवी घेऊन दार उघडलं की मागून कडाकडा. दाजी वैतागायचे. सांध्यातल्या पाण्यात हवेचे बुडबुडे असतात, ते फुटतात आणि आवाज येतो, दृष्टीबिष्टीचा काही संबंध नाही, हे त्यांनी तिला कितीदा समजावलं असेल. त्यावर आक्काचं उत्तर ठरलेलं. "असूं देत की बुडबुडं. माझं बुडबुडं मी कुठंबी फोडीन."

ती गेली ती अगदी थोड्या आजारानं. त्या दिवसाचं एकच सांगतो. तिला उचलायच्या आधी दाजी पुढं झाले. लोकांना वाटलं, आता हा माणूस कोसळतो. दाजींनी वाकून तिरडीची दोरी दोन बोटांत धरली, पीळ उलगडून पाहिला, गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "ताग हाय. भिजला की सैल पडतोय." एरवी मी ही गोष्ट हसून सांगितली असती. तिथं कुणी हसलं नाही, आणि मला ती अजूनही हसून सांगता येत नाही.

आक्का परसात भाजीसाठी अंबाडी लावायची. कोवळी असतानाच पाला खुडायची, त्यामुळं तिची अंबाडी कधी कमरेच्या वर गेली नाही. त्या वर्षीची पेरणी तिनं केली होती, पण खुडायला ती राहिली नाही. अंबाडी माणसाच्या डोक्यावर गेली. पिवळी फुलं आली, मधोमध काळपट तांबडा डोळा असलेली, आणि सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलं की ती सगळी फुलं आत बघतायत असं वाटायचं. दाजींनी ती कापली, पिंपात घातली, वाख काढला आणि त्याची एकच पट्टी केली. बायकोची शेवटची आठवण म्हणून दुसऱ्या कुणी ती काचेच्या पेटीत ठेवली असती, निदान कपाटात कापडात गुंडाळून ठेवली असती. दाजींनी ती त्याच दिवशी अँगलला टांगली आणि खाली वजन अडकवलं. माझ्या बायकोनं डोळे पुसत कारण विचारलं, तर दाजी म्हणाले की ओझ्याशिवाय धागा मुका असतो. संशोधन करणाऱ्या माणसाला प्रेमसुद्धा त्याच्याच रीतीनं करता येतं, एवढंच मी तेव्हा मनाशी म्हणालो.

काही महिन्यांनी आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. निघताना आम्ही उंबऱ्याशी चपला शोधत होतो. दाजींनी दार उघडलं, बाहेरची हवा आत आली, आणि आमच्या पाठीमागून, घराच्या आतल्या बाजूनं, आवाज आला. कट्. थोडं थांबून पुन्हा कट्, कट्. माझ्या मानेवरचा काटा डोक्यापर्यंत गेला, डोक्यावर केस नसल्यानं त्याला पुढं कुठं जाता आलं नाही. बायको मात्र वळली आणि अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणाली, "जातोय गं आक्का." तिच्या तोंडून निघून गेलं ते, आणि मग ती तिथंच उंबऱ्यावर बसून रडली.

दाजींकडं खुलासा होताच. दार उघडलं की बाहेरचा ओलावा आत येतो, धागा तो पितो, पट्टीचा ताण जरा हलतो, आणि एखादा धागा आवाज करतो. इतर पट्ट्याही बोलतात, पण अंबाडी ओलाव्याला फार हळवी, म्हणून ती लगेच बोलते. सगळं बरोबर होतं. पण खुलासा देताना ते पट्टीकडं बघत नव्हते, दाराच्या कडीकडं बघत होते. नंतर कोपऱ्यावरच्या भाजीवालीनं मला सांगितलं, "सर दिसभर येत्यात ओ. एक लिंबू घेत्यात नि जात्यात. घटकाभरानं परत एक लिंबू." मी पुढच्या वेळी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावलो. ताटलीत, डब्यात, खिडकीत, फ्रिजवर, लिंबंच लिंबं, काही वाळून खडखडीत झालेली. दार उघडायला निमित्त लागतं ना. उंबरा ओलांडताना मागून कुणीतरी बोटं मोडावीत म्हणून हा माणूस दिवसभर पिशवी घेऊन बाहेर पडत होता.

मग माझी बायकोही तिथं जायला लागली. आठवड्याच्या बाजाराचं कारण काढायची आणि मला घेऊन कळंब्याला जायची. पट्टीसमोर घायपाताच्या स्टुलावर बसायची. कुकरची शिट्टी झाली, वाफ आत आली, की कट्. तिला दोन गोष्टी सांगायची, घरी यायची, आणि त्या दिवशी मला चहा गोड मिळायचा. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उलटं धरून बसायचो. सगळं असंच चाललं असतं, पण एका दुपारी तिनं दाजींना सहज विचारलं की पट्टीत हा आवाज नेमका होतो कशाचा. दाजींना खोटं बोलता येत नाही, विषयाबद्दल तर नाहीच. ते म्हणाले की धागा तुटल्याचा. प्रत्येक आवाजाला आत एकेक बारीक धागा कायमचा जातो. पट्टी सुरुवातीला भराभर ताणते, मग फार मोठा काळ संथ राहते, आणि शेवटी तिसरा टप्पा येतो, तेव्हा आवाज वाढतात आणि ती तुटते. बायको स्टुलावरून उठली. मी तिला एवढ्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"म्हंजे आमच्या आक्काचा आवाज ऐकायला तिचाच एकेक धागा तोडताय व्हय, दाजी?"

ज्या माणसाकडं सगळ्याचा खुलासा असतो त्याच्याकडं तो नसला की खोली फार मोठी वाटते. आम्ही त्या दिवशी मागच्या दारानं बाहेर पडलो. तसं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

त्यानंतर दाजींनी घर बंद केलं. बंद म्हणजे शब्दशः. पुढच्या दाराच्या फटींना रबर लावलं, खिडक्यांना चिकटपट्ट्या. घरातल्या हवेचा ओलावा जराही हलू नये, म्हणजे आहे त्या धाग्यांत पट्टी तगेल. कुकर बंद, चहा बंद, आंघोळ अंगणात. फोन केला की पलीकडून कुजबुज ऐकू यायची. मळ्याएवढा तो आवाज इतका लहान झाला होता की मी फोन कानात खुपसून ऐकायचो. भांडीवाल्या मावशींनी येणं सोडलं. त्या म्हणाल्या, "घर हाय का कबर? मानूस बसलाय नि लोंबत्यात त्येच्या म्होरं पट्ट्या. म्या न्हाय जायाची." डबा पाठवला तर दाजी तो अंगणात गार करून, झाकण पूर्ण न उघडता खायचे. बायको म्हणाली, "मी बोलले ते चुकलंच." मी म्हणालो की नाही, आणि दुसऱ्या दिवशीचा डबा मीच भरला.

आणि एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "पावणं, तिसरा टप्पा लागलाय. या जरा." एवढंच. मी बायकोला न सांगता निघालो, कारण मला वाटलं, तुटलेली पट्टी आधी मी एकट्यानं पाहावी.

मागच्या दारानं आत गेलो. घरात ना उकाडा, ना गारवा, हवा जणू भांड्यात झाकून ठेवलेली. दाजी इतके वाळले होते की सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. बाकीच्या पट्ट्या एव्हाना तुटून गेल्या होत्या, एक अंबाडीची तेवढी लटकत होती. आणि ती बोलत होती. दार बंद, खिडक्या बंद, वाफ नाही, वारा नाही, तरी कट्, आणि मग पुन्हा कट्. पट्टी किती ताणली ते दाखवायला लावलेल्या तबकडीचा काटा बघता बघता सरकत होता. मी देवाचं नाव घ्यायला विसरलो, यावरून मी किती घाबरलो होतो ते समजा. दाजी म्हणाले की एवढं सगळं बंद करून उपयोग झाला नाही. ओलावा थांबवला, पण ओझं होतं तिथंच होतं. ते काढलं तर पट्टी वाचेल, पण मग ती कधी बोलायची नाही. न काढलं तर बोलत बोलत जाईल, आज नाहीतर उद्या. उभ्या आयुष्यात त्यांनी चाचणी मध्येच सोडली नव्हती. अर्ध्या ताटावरून कुणाला उठवण्याइतकं ते त्यांना अशुभ वाटायचं.

"काढू का, पावणं?" त्यांनी मला विचारलं. मला. भूगोलाच्या मास्तराला.

मी खाली बसलो आणि वजनाखाली दोन्ही हात धरले, तापलेलं पातेलं उतरवताना धरतात तसे, न लावता. दाजी कळत असल्यासारखे मान हलवत उभे राहिले. मग त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली आणि पुढच्या दाराकडं गेले. मी तिथून त्यांना बघू शकत होतो. त्यांनी फटीतलं रबर ओढून काढलं, कडी काढली आणि पुढचं दार सताड उघडलं. तळ्याकडची ओली हवा आत शिरली. दाजी उंबऱ्यावर, पाठ आमच्याकडं करून, पिशवी हातात धरून उभे राहिले, रोज कॉलेजला निघताना उभे राहायचे तसे.

पट्टी वाजली. एकदोनदा नाही, कडाकडा, सगळी बोटं मोडल्यासारखी. माझ्या हातांवर वजन टेकल्यासारखं झालं आणि मी डोळे मिटले. आता धप् होणार, असं मला वाटलं. झालं नाही. दाजी झपाझप आत आले, माझ्या हातांखाली त्यांचे हात आले, आणि आम्ही दोघांनी मिळून ते वजन हळूहळू वर घेतलं, आकड्यातून सोडवलं आणि वाळूत ठेवलं. पट्टी रिकामी, जराशी वाकडी, तशीच लटकत राहिली. दाजींनी तिला हात लावला नाही. ते खाली वाळूशेजारी फतकल घालून बसले आणि तिच्याकडं बघत म्हणाले, "जल्मभर उभीच ऱ्हायलीस. बस आता जरा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जित्तेपणी एकदाबी म्हटलं न्हाय ओ, पावणं." ते रडले. मीही रडलो. दोन म्हातारी माणसं वाळूत बसून रडत होती आणि उघड्या दारातून शेजारी आत बघत होते. मग मी उठलो आणि त्यांच्या ओट्यावर कुकर लावला, कारण मला दुसरं काही सुचेना.

त्यानंतर काही आठवडे त्यांचे व्हॉट्सॲपवर फोटो यायचे, नुसत्या तबकडीचे, खाली एकच ओळ, 'माघारी येतंय.' ओझं काढल्यावर ताणलेली पट्टी हळूहळू आखडते म्हणे. बायको ते फोटो मोठे करून बघायची, काटा हलला की नाही. पुढं पुढं काटा हलेनासा झाला. मी फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले की पूर्ण कधीच येत नाही, थोडं ताणलेलं कायमचं राहतं. आवाज पुन्हा मळ्याएवढा झाला होता.

परवा आम्ही दोघं जेवायला गेलो होतो. भांडीवाल्या मावशी परत आल्या आहेत, तरी वांग्याची भाजी दाजींनी स्वतः केली होती, आणि ती त्यांनी केल्यासारखीच लागत होती. लिंबाचं लोणचं मात्र भरपूर होतं. बायको आत जाऊन पट्टीसमोर थोडा वेळ बसून आली. आत सगळं गप्प होतं, आणि खरं सांगतो, त्या गप्पपणाची मला आवाजापेक्षा जास्त भीती वाटली. निघताना आम्ही उंबऱ्याशी चपला घालत होतो. दार उघडं होतं, बाहेरून तळ्याकडची हवा येत होती. माझ्या मनात आलं की आता मागून काही ऐकू यायचं नाही. आणि नेमकं तेव्हाच, अगदी पाठीशी, कट् झालं.

बायकोनं माझा दंड धरला. आम्ही दोघं एकदमच वळलो. मागं दाजी उभे होते. दोन्ही हात कानशिलांवर, बोटं अवघडून वाकवलेली, आणि चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा. सगळी बोटं त्यांना मोडता आली नव्हती, एकच वाजलं होतं. त्यांनी पुन्हा जोर लावून पाहिला, अजून एक वाजलं.

"बुडबुडं असत्यात ओ ते," दाजी म्हणाले. "सावकाश जावा."

वळणावर मी मागं पाहिलं, तर ते अजून उंबऱ्यातच उभे होते आणि उरलेली बोटं एकेक करून ओढून बघत होते.